लाईक, लव्ह, अडोर ही शिडी नाहीये

आपल्याकडे इंग्रजी शिकवताना सर्रास सांगतात की लाईक म्हणजे थोडं आवडणं, लव्ह म्हणजे जास्त आवडणं आणि अडोर म्हणजे त्याच्याही वर. झाली शिडी तयार. मी स्पोकन इंग्लिशचे क्लास घेते आणि मला मनापासून वाटतं हे असं शिकवणं बंद व्हायला हवं, कारण मुलं हीच शिडी डोक्यात ठेवून इंग्रजी सिरीज बघतात, परदेशातल्या कलीगशी बोलतात, डेटिंग ॲपवर चॅट करतात आणि समोरच्याच्या बोलण्याचा भलताच अर्थ लावून बसतात, आणि मग कुणाचं तरी मन दुखावतं.

इंग्रजीत आई वयात आलेल्या मुलाला सरळ म्हणू शकते, आय लव्ह यू बट आय डोन्ट लाईक यू राईट नाऊ. शिडी खरी असती तर हे वाक्य बोलताच आलं नसतं ना! पण ऐकणाऱ्याला त्यात काहीच खटकत नाही, कारण लव्ह म्हणजे जीव, तो भांडणाने कमी होत नाही, आणि लाईक म्हणजे तुझं वागणं, तुझ्यासोबत असणं मला बरं वाटतंय का नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोघांची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात.

तसंच लव्ह आणि इन लव्ह. आय लव्ह यू बट आय ॲम नॉट इन लव्ह विथ यू, हे वाक्य कितीतरी ब्रेकअपमध्ये बोललं जातं आणि आपल्याला वाटतं हा माणूस शब्दांचे खेळ करतोय. नाही हो. लव्ह भावावर असतं, कुत्र्यावर असतं, बिर्याणीवर पण असतं, इन लव्ह मात्र फक्त त्या एका माणसासोबत, त्यात ओढ आहे, शरीर आहे, आणि ते कुणी दगा न देताही आटू शकतं, त्यालाच ते फॉल आऊट ऑफ लव्ह म्हणतात. मराठी सबटायटलमध्ये दोन्हीकडे "प्रेम" लिहिलं की सीनच कळत नाही.

फॅन्सी तर वेगळंच. ब्रिटनमध्ये आय फॅन्सी हिम म्हणजे तो दिसायला आवडतो, आकर्षण वाटतं, बास. स्वभाव अजिबात न आवडणारा माणूससुद्धा फॅन्सी करता येतो. हा शब्द फँटसीचाच आखूड झालेला, म्हणजे मनातल्या कल्पनेशी नातं आहेच. अमेरिकेत या अर्थाने फारसा वापरत नाहीत, तिथे आय ॲम इन्टू हिम म्हणतील. इन्फॅच्युएटेड म्हणजे कुणापायी वेडं झालेलं, त्यात मूर्ख या अर्थाचा लॅटिन शब्द बसलाय, म्हणून तो दुसऱ्याबद्दल किंवा स्वतःच्या कॉलेजच्या दिवसांबद्दल बोलताना येतो, समोर उभं राहून प्रपोज करताना नाही.

आणि फॉन्ड, म्हणजे माया, आपुलकी असलेला, हा सगळ्यात जास्त फसवतो. तुम्ही मन मोकळं केलंत आणि समोरून उत्तर आलं, आय ॲम व्हेरी फॉन्ड ऑफ यू, तर तो नकार आहे. व्हेरी असलं तरी नकारच, प्रेमाने दिलेला. शिडीवाल्यांना हे कुठे बसवायचं तेच कळत नाही.

गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत लाईक आपल्या "मला आवडतं" सारखंच चालायचं, म्हणजे वस्तू मला आवडायची, मी तिला लाईक करायचो असं नव्हतं. शेक्सपिअरच्या काळापर्यंत अशी वाक्यं सापडतात. आणि लव्ह तर संस्कृतमधल्या लुभ् धातूच्या कुळातला, म्हणजे आपल्या लोभचा नातेवाईक. षड्रिपूमधला लोभ सोडा, पण पत्राच्या शेवटी "लोभ असावा" लिहिणारी आपली आजोबा मंडळी तोच जिव्हाळा मागत होती. मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात, शब्द परका राहत नाही.

फेसबुकनेही घोळात भर घातलीय असं माझं मत आहे. २००९ मध्ये लाईक आलं, २०१६ मध्ये त्याच्या शेजारी लाल हार्ट आलं, आणि लोकांना वाटायला लागलं की हार्ट म्हणजे मोठं लाईक.

मी आता वर्गात एका शब्दाचा एक अर्थ लिहून देतच नाही. प्रत्येक क्रियापद घेऊन विचारते, हे आजीबद्दल म्हणाल का, चहाबद्दल म्हणाल का, बस स्टॉपवरच्या अनोळखी माणसाबद्दल म्हणाल का? लव्ह आजीला चालतं आणि चहालाही, अडोर पण दोघांना चालतं. डोट ऑन, म्हणजे जीव ओवाळून लाड करणं, आजी नातवावर करते, चहावर कुणी करत नाही. फॅन्सी चहाला चालतं, तिथे त्याचा अर्थ घ्यावासा वाटणं एवढाच, अनोळखी माणसाला चालतं, आजीला चुकूनही नाही. पंधरा मिनिटांत पोरं आपापसात वाद घालायला लागतात आणि फरक त्यांचे तेच शोधून काढतात. शिक्षक असाल तर खरंच करून बघा, आणि दहावीच्या मुलांसोबत कराल तर फॅन्सीला थोडा जास्त वेळ ठेवा.