लग्नाची तारीख दुकानाला कशाला हवी?

राजारामपुरीतल्या एका कापड दुकानातून आज सकाळी आईला मेसेज आला. ‘लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा! आज जोडीनं या आणि खास सूट मिळवा.’ बाबांना जाऊन अजून वर्ष झालेलं नाही.

ती तारीख बाबांनीच दिली होती. दोन वर्षांमागं दिवाळीला आईला इरकल घेताना काउंटरवरच्या पोरानं एक कार्ड पुढं केलं. नाव, नंबर, जन्मतारीख, लग्नाची तारीख. बाबांनी चष्मा लावून सुवाच्य अक्षरात सगळं भरलं. शाळेत मास्तर होते, रकाना मोकळा सोडायची सवयच नव्हती. मागणाऱ्याला थोडी तरी लाज हवी की नको?

मी दुकानात फोन लावला. ‘सर, ते सिस्टीममधनं आपोआप जातंय, आमच्या हातात काय न्हाई.’ मग कुणाच्या हातात आहे? घेताना तुमचे हात होते, खोडताना कुणाचेच नाहीत?

मान्य, बिल मोबाईलवर आलं की सोयीचं पडतं. पण त्यासाठी लग्नाची तारीख लागत नाही. बिलासाठी मोबाईल नंबरची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं 2023 मध्येच दुकानदारांना बजावलंय. 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात तर संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागं घेणंही सोपं असलं पाहिजे, असं लिहिलंय. नियम यायला 2025 चा नोव्हेंबर उजाडला आणि बरीचशी कलमं अजून टप्प्याटप्प्यानं लागू व्हायची आहेत. तोवर आमच्या आयांनी असले मेसेज वाचत बसायचं?

‘आमच्याकडं लपवण्यासारखं काय आहे?’ असं म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. बाबांकडंही लपवण्यासारखं काही नव्हतं. ती तारीख त्या दोघांची होती, एवढंच.

आई मात्र म्हणाली, ‘जाऊ दे की रे, त्या पोरास्नी काय म्हाईत.’ तिचं बरोबर आहे. काउंटरवरच्या पोराचा दोष नाही, त्याला रकाने भरून घ्यायला सांगितलेले असतात. सांगणारा मालक मात्र गल्ल्यावरच बसलेला असतो.

मित्रांनो, नंबर मागितला की सरळ म्हणा, ‘नंबर नाही, छापील बिल द्या.’ आधारची झेरॉक्स वाटत फिरू नका, मास्क्ड आधार काढा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांना हे शांतपणे, न ओरडता सांगा. ती माणसं विश्वासानं लिहून देतात.

सोमवारी मी आईच्या सहीचं पत्र घेऊन त्या दुकानात जाणार आहे. नाव, नंबर, दोन्ही तारखा खोडा आणि खोडल्याचं लेखी द्या. पोच घेतल्याशिवाय हलणार नाही. ज्यांच्या घरी असे मेसेज येतात त्यांनी आपापली पत्रं घेऊन या, अकराला दुकान उघडतं.