वायपरची ओढ

माझ्या जीपला छप्पर नाही, दारं नाहीत आणि पुढची काच तर खटके सोडले की बॉनेटवर आडवी झोपते. अशा गाडीचा वायपर दुरुस्त करण्यात मी अडीच महिने घालवले, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "पण पाऊस आला तर तुमच्या चष्म्यावरून कोण फिरवतं?"

गाडी 1947 सालची विलीस सीजे-टू-ए. युद्ध संपल्यावर सैन्याच्या जीपमध्ये थोडे फेरफार करून अमेरिकेत टोलेडोच्या कारखान्यात ही बनवली, ती मुख्यतः शेतकऱ्यांसाठी. त्या शेतकऱ्यांना भिजण्याचं काही वाटत नसावं. इंजिन साठ हॉर्सपॉवरचं, वीज सहा व्होल्टची. सहा व्होल्ट म्हणजे किती, तर रात्री दिवे लावल्यावर ते लागले का हे बघायला मी टॉर्च घेऊन पुढे जातो. कारखान्यातल्या इंजिनियरांनाही याची कल्पना असणार, कारण वायपरचा त्यांनी विजेशी संबंधच ठेवला नाही. तो इंजिनाच्या श्वासावर चालतो.

म्हणजे असं, की इंजिन हवा आत ओढतं तेव्हा कार्बुरेटरच्या खालच्या मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत, व्हॅक्यूम म्हणजेच ओढ तयार होते. तिथून एक रबरी नळी निघते, काचेच्या चौकटीवरून वर चढते आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या एका डबीत शिरते. या डबीला वायपर मोटर म्हणतात. गाडी जागेवर उभी राहून गुरगुरत असताना ही ओढ, पाऱ्याच्या इंचांत मोजतात तशी मोजली तर, सतरा ते एकवीस इंच असते, त्यामुळे वायपर जोरात नाचतो. अॅक्सिलरेटर दाबला की झडप उघडते, हवा मोकळेपणाने आत येते आणि ओढ संपते. थोडक्यात, गाडी उभी असते तेव्हा वायपर पळतो आणि गाडी पळायला लागली की वायपर उभा राहतो. अमेरिकेत 1960च्या दशकापर्यंत लोकांनी हे सहन केलं.

माझा वायपर मात्र कशालाच हलत नव्हता. मी डबी काढून एका ऑटो-इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने ती चारी बाजूंनी फिरवून पाहिली, हलवून कानाशी धरली आणि गंभीरपणे विचारलं, "साहेब, हिच्या वायरी कुणी कापल्या?" मी मॅनिफोल्डपासून सुरुवात करून सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्यापेक्षा मी करंटवाली बसवतो. अर्ध्या तासाचं काम." मला हा प्रस्ताव फार लागला. जुनी गाडी पाळणाऱ्या माणसाला 'ओरिजिनल' नावाचा एक आजार असतो. गाडीच्या सीटवरचं कापड तिसऱ्यांदा बदललेलं असतं, हॉर्न भलत्याच गाडीचा असतो, पण एखाद्या फुटकळ डबीवर जीव जडतो आणि मग ती ओरिजिनलच राहिली पाहिजे. मी डबी छातीशी धरून घरी परतलो.

झाकणाचे स्क्रू सत्तरपेक्षा जास्त वर्षं जागचे हलले नव्हते. गंजावरचं तेल सोडून रात्रभर ठेवायचं, सकाळी प्रयत्न करायचा, हात सोलून घ्यायचा, पुन्हा तेल सोडायचं, असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी झाकण निघालं. आत अर्धचंद्राच्या आकाराची पोकळी, तिच्यात एक पातं आणि वर एक चिमुकली झडप. पातं एका टोकाला पोचलं की स्प्रिंग फटकन ती झडप उलटवते, ओढ दुसऱ्या बाजूला लागते आणि पातं परत फिरतं. एवढंच. मी पाच मिनिटं नुसता बघत राहिलो. मग आठवलं की ही स्प्रिंग काढायची आहे.

अशा स्प्रिंगा उडतात हे मला ठाऊक होतं. म्हणून मी हुशारी केली. डबी आणि दोन्ही हात एका पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि आतल्या आत काम केलं. स्प्रिंग उडाली, पिशवीला आपटली आणि तळाशी पडली. इतकं समाधान मला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं. त्या समाधानात मी हात धुवायला गेलो. परत आलो तर बायकोने पिशवी झटकून, छान घडी घालून ठेवली होती.

स्प्रिंग तीन दिवसांनी माझ्याच चपलेत सापडली. कशी, ते पायाला कळलं.

पात्याला कडेने चामड्याची किनार होती. तीच डबीच्या भिंतीला घासत हवा अडवते. ती वाळून इतकी कडक झाली होती की वाजवली तर टकटक आवाज येई. त्यावर उपाय म्हणजे नीट्सफूट तेल, गुरांच्या पायाच्या हाडांपासून काढलेलं, घोड्यांच्या खोगिरांना लावतात ते. रोज संध्याकाळी मी ती किनार बोटाने चोळत बसायचो. "माझ्या टाचांकडे कधी बघितलंत का?" असं एकदा मागून ऐकू आलं. आठवड्याभरात चामडं मऊ झालं.

मग झाकणाखाली कागदाचं नवीन गॅस्केट कापून बसवलं आणि वरून, असू दे म्हणून, सीलंटचा जाडसर थर दिला. 'असू दे म्हणून' या तीन शब्दांनी माझं जितकं नुकसान केलंय तितकं कुणीच केलेलं नाही. सीलंट दाबलं जाऊन आत पसरलं आणि हवेची भोकं बुजली. पुन्हा सगळं उघडलं, टाचणीने भोकं कोरली, आणि या वेळी पिशवी कपाटात कुलूप लावून ठेवली.

आता चाचणी. मोटर गाडीवर चढवण्याआधी नळी तोंडात धरून श्वास ओढायचा, पातं हललं पाहिजे. मी ओढलं. रॉकेल, गंज आणि दुसऱ्या महायुद्धानंतरची धूळ यांची एकत्रित चव जिभेवर आली. पातं थरथरलं. डोळे मिटून, गाल आत घेऊन मी पुन्हा ओढलं. नेमकी तेव्हाच बायको आली. मी सिगारेट सोडून अकरा वर्षं झाली होती आणि त्या अकरा वर्षांची पुण्याई तिच्या चेहऱ्यावरून खाली उतरताना मला दिसली.

"हे काय ओढताय?"

"वायपर," मी म्हणालो.

तेवढ्यात झडप फटकन उलटली आणि पातं सरसरत परत आलं. मी आनंदाने ओरडलो. ती काही न बोलता आत गेली.

मोटर बसवली. इंजिन सुरू करताच वायपर डावी-उजवी असा तोऱ्यात फिरायला लागला. चालू-बंद करायचा खटका तेवढा जरा ढिला वाटत होता. म्हटलं, चालू होणं महत्त्वाचं, बंद करायला काय लागतं.

पहिल्या पावसात तिला शेजारी बसवून बाहेर पडलो. सपाट रस्त्यावर ठीक होतं. चढ लागला, मी अॅक्सिलरेटर दाबला आणि वायपर काचेच्या मध्यावर थबकला. पाय उचलला की तो दोन फटके मारी आणि गाडी कण्हे. पाय दाबला की गाडी चाले आणि समोर नुसतं पाणी. असे आम्ही आचके देत वर चाललो होतो. मागच्या गाड्यांचे हॉर्न छप्पर नसल्यामुळे फारच स्पष्ट ऐकू येत होते.

शेजारच्या बाजूचा वायपर हाताने फिरवायचा असतो, काचेच्या आतून, छोट्याशा दांड्याने. अमेरिकेत मेरी अँडरसन यांनी 10 नोव्हेंबर 1903 रोजी ज्या वायपरचं पेटंट मिळवलं, तोही आतून हाताने फिरवायचाच होता. त्यात बिघडण्यासारखं काही नाही, म्हणून मी त्याच्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. बायकोने दांडा धरला, दोनदा फिरवून पाहिला आणि मग एका लयीत फिरवत राहिली.

"अहो, ते पाय काढणं बंद करा. रस्ता मी सांगते. डावीकडे घ्या. अजून थोडं. आता सरळ."

माथ्यावर पोचलो तेव्हा आम्ही दोघं सारखेच भिजलो होतो. पाऊस थांबला होता. उतार लागला, माझा पाय सुटला, इंजिनाने पूर्ण ओढ लावली आणि वायपर कोरड्या काचेवर किंचाळत सपासप फिरू लागला.

"बंद करा तो आता," ती म्हणाली.

मी खटका ओढला. खटका हातात आला.