शर्मनने रसदेच्या गाड्या जाळल्या नव्हत्या

अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेल्या जनरल शर्मनवरचा एक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. शाळेत इतिहास शिकवणाऱ्या माझ्या बहिणीपर्यंत तो पोचला आणि नववीच्या मुलांना वाचून दाखवायचं तिने ठरवलंही, म्हणून हे लिहायला बसलो. मेसेज थोडक्यात असा: १८६४ साली शर्मनने दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यातल्या अटलांटात रसदेच्या सगळ्या गाड्या जाळल्या, अधिकाऱ्यांची उतरंड मोडून प्रत्येक शिपायाला मोकळं सोडलं, नकाशा न बघता समुद्राकडे निघाला, वाटेत भेटलेल्या सगळ्या गुलामांना सोबत घेतलं आणि जिंकला. तात्पर्य काय, तर नियोजन सोडा, हिंमत धरा.

आधी गाड्या. शर्मनने आपल्या आठवणी लिहून ठेवल्यात, त्यात आकडे आहेत. सुमारे २,५०० गाड्या, प्रत्येक गाडीला सहा खेचरं. शिवाय जखमींसाठी सुमारे ६०० गाड्या, प्रत्येकीला दोन घोडे. प्रत्येक शिपायाच्या अंगावर ४० काडतुसं आणि माणशी सुमारे २०० होतील इतकी गाड्यांत. पावाचा शिधा १२ लाख, म्हणजे ६० हजार माणसांना वीस दिवस पुरेल इतका. मांसासाठी गुरं फौजेबरोबर हाकत न्यायची. एकेका कोअरच्या (फौजेच्या चार मोठ्या भागांपैकी एकाच्या) गाड्या रस्त्याचे पाच मैल अडवत. हा रिकाम्या हातांनी निघालेला माणूस वाटतो?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. मागचा रेल्वेमार्ग त्याने खरोखरच उखडला. त्याआधीचे सहा महिने लुईव्हिलपासून अटलांटापर्यंतच्या ४७३ मैल एकेरी रुळांवर एक लाख माणसं आणि ३५ हजार जनावरं पोसली जात होती. तो मार्ग राखण्यात फौज अडकून पडायची, म्हणून आजारी आणि जखमी मागे चॅटनूगाला धाडून त्याने तो तोडला. पण पुढच्या टोकाला, समुद्रावर, उत्तरेचं आरमार भेटणार, हे धरूनच. समुद्राजवळच्या सव्हाना शहरापाशी पोचल्यावर शिधा आटू लागला, तेव्हा १३ डिसेंबरला त्याच्या फौजेतल्या हेझनच्या डिव्हिजनने दक्षिणेचा मॅकॲलिस्टर किल्ला घेतला, ओगीची नदीचं तोंड मोकळं झालं आणि जहाजांतून रसद आली.

आता ‘प्रत्येक शिपाई स्वतःचा मालक’. या मुद्द्यावर माझा संयम सुटतो. ९ नोव्हेंबर १८६४ रोजी किंग्स्टनहून निघालेला विशेष रणआदेश क्रमांक १२० वाचा. त्यातच फौजेचा सगळा आराखडा आहे. उजवी बगल, म्हणजे फौजेचा उजवा भाग, जनरल हॉवर्डकडे, तिच्यात पंधरावी आणि सतरावी कोअर. डावी बगल जनरल स्लोकमकडे, तिच्यात चौदावी आणि विसावी. किलपॅट्रिकचं घोडदळ थेट शर्मनच्या हुकमात. चार कोअर शक्यतो चार समांतर रस्त्यांनी जायच्या, सकाळी सातला कूच, दिवसाला सुमारे १५ मैल. कोअरमधल्या प्रत्येक रेजिमेंटमागे (लहान तुकडीमागे) एक सामानगाडी, एक जखमींची गाडी. प्रत्येक कोअरला रस्ते दुरुस्त करणारी वेगळी तुकडी, प्रत्येक बगलेला तरंगत्या पुलांचा ताफा. गिरण्या, घरं जाळायचा अधिकार फक्त कोअरच्या सेनापतींना.

दाणागोटा गोळा करणंही असंच बांधलेलं होतं. प्रत्येक ब्रिगेडची (काही रेजिमेंट मिळून होणाऱ्या तुकडीची) साधारण पन्नास जणांची टोळी एक-दोन अधिकाऱ्यांसह उजाडायच्या आत निघे, वाटेपासून पाच-सहा मैल आत जाई, मळ्यावरचीच एखादी गाडी, कधी घरची बग्गीसुद्धा, धरून तिच्यात मक्याचं पीठ, खारवलेलं डुकराचं मांस, कोंबड्या, बदकं भरी आणि पुढे मुख्य रस्त्याला येऊन थांबे. ब्रिगेडच्या गाड्या आल्या की माल कोठीवाल्याच्या ताब्यात. गाड्यांत कायम किमान दहा दिवसांचा शिधा राहिला पाहिजे, असा हुकूम होता.

हुकूम सगळ्यांनी पाळला असं मी म्हणत नाही. ‘बमर’ म्हणून बदनाम झालेल्यांनी घरं लुटली, शिपायांनी घरात शिरू नये हे कलम असूनही दागिने नेले, आणि वरच्यांनी बऱ्याचदा काणाडोळा केला. पण फौज त्या लुटारूंच्या जोरावर सव्हानाला पोचली नाही.

नकाशाचं काय बोलावं! जॉर्जियाच्या कुठल्या भागात किती धान्य आणि गुरं सापडतील, याचा अंदाज त्याने १८६० च्या जनगणनेवरून बांधला होता आणि पो नावाचा मुख्य अभियंता दिमतीला होता.

राहिला गुलामांचा मुद्दा, आणि मुलांपुढे खोटा जाऊ नये असा हाच. सगळ्यांना सोबत घेतलं नाही. आदेशात स्पष्ट होतं: धडधाकट आणि उपयोगी असतील त्यांना घ्या, पण शिध्याचं भान ठेवा. तरी बायका, म्हातारी माणसं, पोरं फौजेमागे चालत राहिली. ९ डिसेंबरला एबेनेझर क्रीक या ओढ्यावर चौदाव्या कोअरचा सेनापती जेफरसन सी. डेव्हिस (दक्षिणेचा अध्यक्ष डेव्हिस तो वेगळा) याने फौज पार होईपर्यंत त्यांना अडवून धरलं आणि नंतर तरंगता पूल काढून घेतला. शेकडो माणसं अलीकडे राहिली. मागून व्हीलरचं दक्षिणी घोडदळ येत होतं. घाबरून लोकांनी थंड पाण्यात उड्या टाकल्या, कित्येक बुडाले. जानेवारीत युद्धमंत्री स्टँटन सव्हानाला आला, चौकशी झाली. डेव्हिसला शिक्षा झाली नाही. पुढच्या कॅरोलायना मोहिमेतही चौदावी कोअर त्याच्याच हाताखाली होती.