साडेतीन महिन्यांचा हिशेब : तुमच्या दोन ताऱ्यांना आमचं उत्तर

नमस्कार.

तुमचा अभिप्राय परवा रात्री वाचला. बायकोने फोन पुढे केला आणि म्हणाली, आधी जेवून घ्या, मग वाचा. मी आधी वाचला.

तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पहिली धारदार तलवार माणूस आयुष्यात एकदाच घेतो, तो आनंदाचा प्रसंग असायला हवा. तसा तो झाला नाही, याचं मला वाईट वाटतं.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात : साहेबांनी लिहिलंय की टोकियोतल्या या दुकानात आपला मराठी माणूस बघून ते विश्वासाने आले, आम्ही त्यांना साडेतीन महिने रखडवलं, हवी होती त्याहून आखूड तलवार गळ्यात मारली, आणि महिन्याभरात तिच्यावर गंजाचे ठिपके आले. शिवाय ‘दुकानातला म्हातारा हातातून तलवार हिसकावतो’ असंही आहे. बाकीचं मी एक वेळ गिळलं असतं, पण ‘साडेतीन महिने रखडवलं’ हे गिळता येत नाही. कारण तारखा माझ्या वहीत आहेत.

तुम्ही पहिल्यांदा आलात १८ जानेवारीला, शनिवारी. तलवार हातात मिळाली ९ मे रोजी. मधले दिवस १११. म्हणजे साडेतीन महिने खरेच, त्यात वाद नाही. पण त्यातले पहिले ४३ दिवस कुणाचे, तेवढं बघू.

पहिल्या दिवशी तुम्हाला जुनीच तलवार हवी होती, मुरोमाची काळातली. ‘इतिहास हातात धरायचाय’ असं म्हणालात, मला ते आवडलंही. पण त्याच वाक्यात तुम्ही म्हणालात की भिजवलेल्या तातामीच्या (गवती चटईच्या) गुंडाळ्याही कापायच्या आहेत. तेव्हा मी सांगितलं की पाचशे वर्षांचं पातं पिढ्यान् पिढ्या घासून-घासून पातळ झालेलं असतं, वरचं चांगलं पोलाद झिजत आलेलं असतं. घाव जरा तिरका गेला की वाकतं, आणि तसं पातं पुन्हा कुणी घडवून देणार नाही. कापायचं असेल तर या काळातल्या लोहाराचं पातं घ्या. तुम्ही विचार करतो म्हणालात. दहा दिवसांनी फोन आला, नवीच घेऊ, पण पाठीलगत खोबण असलेली हवी, फिरवताना हवेत सूंऽऽ आवाज येतो ती. मी म्हटलं, आवाज कानाला गोड लागतो आणि घाव सरळ गेला की नाही तेही कळतं, पण खोबणीने पात्याचं वजन कमी होतं तसा तग धरायचा जोरही कमी होतो. शिकाऊ हाताने कापायचं तर सपाट पातं बरं. पुन्हा विचार. मग तुम्ही र्योगोकूच्या तलवार संग्रहालयात जाऊन आलात (मीच पाठवलं होतं) आणि तिथून परत जुन्या तलवारीचं वेड घेऊन आलात. मग एक आठवडा तुम्ही लोहाराकडून नवीच घडवून घेणार होतात. इथल्या नियमाप्रमाणे परवानाधारक लोहाराला महिन्याला दोनच लांब तलवारी करता येतात. आपला नंबर लागेपर्यंत वर्ष सहज जातं, आणि तुम्हाला तर उन्हाळ्याच्या शिबिराला हवी होती.

तोवर फेब्रुवारी संपला. २ मार्चला, रविवारी, तुम्ही पातं नक्की केलंत. मला याचा राग नाही. साडेचार लाख येन द्यायचे तर माणसाने चार वेळा विचार करावाच. पण ते दिवस माझ्या नावावर का?

आता मूठ. मूठ आधीच करून ठेवता येत नाही, हे मी त्या दिवशी नीट समजावलं नसेन, तर ती चूक माझी. तलवारीची मूठ म्हणजे चाकूची दांडी नव्हे. पात्याचं शेपूट लाकडात जिथे बसतं, ती खाच त्या एका शेपटाच्या मापाने कोरतात. एकीची मूठ दुसरीला बसत नाही. बसवली तर आत हलते, आणि हजार ग्रॅमचं पातं खोलीत फिरवताना मुठीत हललेलं कुणालाच नको. तुमच्या पात्याची आधीची मूठ सैल होती आणि तुमच्या हाताला दोन बोटं कमी पडत होती, म्हणून नवी करायचं ठरलं. सेकीचे (गिफू प्रांतातलं तलवारींसाठी प्रसिद्ध गाव) आमचे कारागीर आधी मॅग्नोलियाचं लाकूड कोरतात, त्यावर रेमाशाचं खरबरीत कातडं चढवतात, मग दोरा गुंडाळतात. प्रत्येक वेढ्याखाली दोन्ही बाजूंनी कागदाचे छोटे त्रिकोण दाबून बसवावे लागतात, नाहीतर ते सुंदर चौकटीचे डोळे एकसारखे उभे राहत नाहीत. तुम्ही काळा सुती दोरा सांगितला होतात. घामाला सुती बरा, मला पसंत होता.

२० मार्चला, सुट्टीच्या दिवशी, रात्री सव्वादहाला तुमचा निरोप आला : काळा नको, गडद निळं रेशीम करा. तोवर अर्धी मूठ गुंडाळून झाली होती. एकदा कापलेला दोरा परत वापरता येत नाही. मी काही बोललो नाही, जास्तीचे पैसेही लावले नाहीत. कारागिराला मीच फोन केला. ते अर्धा मिनिट गप्प राहिले, मग ‘हाय’ (होय) म्हणाले. ज्यांनी जपानात काम केलंय त्यांना त्या ‘हाय’चा अर्थ कळेल.

हे १८ दिवस झाले. उरले ५०. मी सहा आठवडे सांगितले होते, म्हणजे ४२. वरचे आठ दिवस उशीर झाला आणि तो माझा दोष आहे. २९ एप्रिल ते ६ मे सेकीत काम बंद होतं, मे महिन्याच्या सुट्ट्या, आणि मी तारीख देताना ते धरलंच नाही. इतकी वर्षं इथे राहून. त्याबद्दल पुन्हा माफी. पण आठ दिवस आणि साडेतीन महिने यांत फरक आहे की नाही, ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

लांबीबद्दल. तुमची उंची १७२ सेंटिमीटर. सरावाची जी बोथट मिश्रधातूची तलवार तुम्ही वापरता ती २ शाकू ४ सुन ५ बू (लांबीची जुनी जपानी मापं), उंचीच्या तक्त्याप्रमाणे बरोबर. तुम्हाला धारदार हवी होती २ शाकू ५ सुन ५ बू, म्हणजे ७७.३ सेंटिमीटर, कारण तुमच्या दोजोतले (सरावाच्या शाळेतले) वरचे गुरुबंधू तेवढी वापरतात. ते तुमच्याहून दहा सेंटिमीटर उंच आहेत, हे तुम्हीच सांगितलंत. तुम्ही घेतलीत ती ७२.७ सेंटिमीटर. बोथट तलवारीचं वजन साडेआठशे ग्रॅमच्या आसपास, हिचं १०६०. वाढलेली दोनशे ग्रॅम हातात नाही, टोकाला कळतात. म्हणून पहिली धारदार तलवार मी नेहमीच्या मापापेक्षा जराशी आखूड सुचवतो. माझा हा हट्ट आहे, दुसरे दुकानदार वेगळं सांगतील. पण तुम्हाला आठवत असेल, मागच्या खोलीत आमची लांब बोथट तलवार तुम्हाला उपसायला दिली होती. तीनदा उपसलीत, तीनदा टोक म्यानाच्या तोंडाशी अडकलं. मग तुम्ही म्यान धरलेला डावा हात जोरात मागे ओढलात आणि पातं म्यानाच्या आतून घासत आलं. ती बोथट होती म्हणून म्यानाच्या तोंडावर नुसता ओरखडा आला. धार असती तर पातं लाकूड चिरून म्यान धरलेल्या बोटांपर्यंत येतं.

म्हणूनच माझे सासरे पुढे आले. तुम्ही ज्यांना म्हातारा म्हणालात ते. चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्या दिवशी तुमचे मित्र फोनवर चित्रीकरण करत होते आणि तुम्ही नुकतीच दाखवायला काढलेली धारदार तलवार हातात घेऊन त्यांच्याकडे वळलात. सासऱ्यांनी ती हिसकावली नाही, मुठीवर हात ठेवून खाली घेतली. मान्य, न विचारता घेतली. त्यांच्या डाव्या हाताच्या अंगठ्याच्या बेचक्यात चार टाक्यांची खूण आहे, तलवार म्यानात परत घालताना नजर वर गेली होती त्या दिवसाची. ते बोलत कमी. मी तुमची माफी मागायला सांगितली, त्यांनी मान झुकवली होती. तुम्हाला ते दिसलं नसावं.

तेव्हाच तुम्ही म्हणालात, ‘आमच्याकडे दसऱ्याला तलवारीची पूजा होते, मला तलवार शिकवू नका.’ साहेब, मीही साताऱ्याकडचा आहे. आमच्याही घरात खंडेनवमीला आजोबांची तलवार पाटावर मांडतात, झेंडू वाहतात. पण ती वर्षातून एकदा म्यानातून बाहेर येते, तीही चार बोटं. रोज संध्याकाळी पन्नास वेळा उपसायची आणि न बघता परत घालायची वस्तू वेगळी. घरच्या तलवारीवर मला प्रेम आहे, पण तिने मला हे काही शिकवलं नाही.

गंज. फोटो नीट मोठा करून पाहिला. दोन ठिपके आहेत, टोकापासून एक वीत अलीकडे, आणि एक तर चक्क अंगठ्याच्या आकाराचा आहे. त्यातल्या रेषासुद्धा दिसतात. कुणाचा अंगठा ते मी कसं सांगणार, पण पोलाद वाईट म्हणून बोटाच्या आकाराचा गंज येत नाही. तलवार दिली तेव्हा लवंगाच्या मिश्रणाचं तेल, मऊ कागद आणि पुसायची चिंधी तिच्यासोबत दिली होती. जूनमधल्या पावसात दर सरावानंतर पुसावंच लागतं. असो. ठिपके वरवरचे वाटतात. सासरे बघतील, त्यांच्या हातून निघण्यासारखे असतील तर पैसे घेणार नाही. मोठ्या पॉलिशचा खर्च मला परवडणारा नाही, तेही आत्ताच सांगतो.

‘नेटवर चीनची तलवार दहा हजार येनला मिळते’ हे खाली कुणीतरी लिहिलंय, त्यांच्यासाठी एकच ओळ : तशी पोलादी तलवार जपानात नोंदवता येत नाही आणि नोंद नसलेली बाळगणं गुन्हा आहे. ती किंमत माझ्या किमतीशी ताडून बघू नका.

आम्ही काय सुधारतो आहोत, असं विचारलंत. सुट्ट्यांचं वेळापत्रक आधी सांगू. निरोपांना लवकर उत्तर द्यायचा प्रयत्न करू. गिऱ्हाइकाने काय ठरवलं आणि कधी बदललं, ते दोघांनी सही करून लिहून ठेवायचं असंही मनात आहे, बघतो कसं जमतं. दुकानात आम्ही दोघेच आहोत, मी आणि सासरे. महिन्याला तलवारी विकल्या जातात एक किंवा दोन, बाकी घर चालतं ते पोशाख, पट्टे आणि लाकडी तलवारींवर. तुमचे दोन तारे आमच्या पानावर सगळ्यात वर दिसतात आणि गेल्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकांनी ठरवलेली भेट रद्द केली. त्याचा तुमच्याशी संबंध असेलच असं नाही.

तारे बदला असं मी म्हणणार नाही. तुमचा सराव चांगला आहे, डावा हात तेवढा झटका न देता मागे घ्यायला शिका, पाचसहा महिन्यांत तुम्हीच म्हणाल लांबी बरोबर होती. नाही वाटली तर तलवार परत घेऊन दुसरी देऊ, किंमत तेव्हाच्या अवस्थेवरून ठरवू.

शनिवारी अकरानंतर कधीही या. तलवार पिशवीत बांधून आणा आणि सोबत नोंदणीकार्ड ठेवा. शिक्षण मंडळाला (इथे तलवारींची नोंद तेच ठेवतं) पाठवायचा मालकी बदलल्याचा अर्ज तुम्ही अजून पाठवला नसेल तर तोही आणा. वीस दिवसांची मुदत उलटून गेली आहे, मी तिकीट लावून पाकीट तयार करून दिलं होतं. इथेच बसून भरू आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकू. चहा आपल्याकडचाच आहे, आलं घालून.