बटणं कोणी लावायची?

मोरूच्या वडिलांना पॅरालिसिसनंतर घरी आणलंय आणि दिवसा एक मावशी ठेवल्यात, हे कट्ट्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. काल भाऊसाहेब त्यांना बघून आले ते तापूनच.

"अरे, काका शर्टाच्या बटणांशी झटतायत आणि ही बाई शेजारी नुसती उभी! पगार कसला घेते?"

"उभं राहण्याचाच," शैला म्हणाली.

शैला घरोघरी जाऊन व्यायाम करून घेते, त्यामुळे या विषयात तिच्यापुढे बोलताना जरा जपून बोलावं. भाऊसाहेब जपून बोलत नाहीत.

"लुळ्या हातात बाही कोणी चढवली होती?" तिने विचारलं.

"तिनेच चढवली असेल. त्यात काय?"

"त्यातच सगळं आहे. कपडा घालताना अधू हात आधी, काढताना शेवटी. काकांना जमत नाही ते मावशींनी केलं, जमतं त्याला हात लावला नाही. ही बाई सोडू नकोस, मोरू."

मग भाऊसाहेबांनी स्वतःच्या घरची व्यवस्था ऐकवली. आईच्या खोलीत कॅमेरा, भिंतीवर तक्ता, औषधांचे गजर, शिवाय सूचना देणारे खुद्द भाऊसाहेब. "माझ्या आईला मी पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाही!"

"म्हणून आता तिला तो उचलवत नाही," शैला म्हणाली.

थोडा वेळ कोणी बोललं नाही. लागेल असंच वाक्य होतं ते, पण खोटं नव्हतं. पुढचं तिनेच सांगितलं. धडधाकट म्हाताऱ्या माणसांना 10 दिवस अंथरुणावर ठेवून बघितलं, तर पायांतलं जवळजवळ किलोभर मांस झडलं. 2007 सालचा अभ्यास आहे. आजार नाही, काही नाही, नुसतं पडून राहणं.

मास्तरांना 1976 आठवलं. लँगर आणि रोडिन या दोघी मानसशास्त्रज्ञांनी एका वृद्धाश्रमात काहींना सांगितलं, तुमचं तुम्ही ठरवा, हे रोपही तुम्हीच सांभाळा. बाकीच्यांना सांगितलं, काळजी करू नका, रोपाला पाणीसुद्धा आम्ही घालू. पहिली माणसं जास्त तरतरीत राहिली.

"ते आश्रमातलं झालं," भाऊसाहेब म्हणाले. "आपण घराचं बोलतोय."

"घरात तर हे जास्तच लागू. खोली त्यांची, कपाट त्यांचं, उठायची वेळ त्यांची. आपण बाहेरून येणारे. दार वाजवून आत जावं एवढं तरी कळायला हवं." शैला मोरूकडे वळली. "आणि तू. बाबांची आंघोळ झाली का, हे त्यांच्या डोक्यावरून मावशींना का विचारतोस? बोलतात ना ते?"

"हळू बोलतात," मोरू पुटपुटला.

"मग थांबायचं."

मोरूची खरी भीती वेगळी होती. "पडले तर?" हा प्रश्न मला सगळ्यात प्रामाणिक वाटला. शैलानेही तो उडवून लावला नाही. धोका शून्य होत नाही, म्हणाली. हातांची, भक्कम खुर्ची घे. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, अंग पुढे झुकवायचं, मग उठायचं. आपण कमरेशी आधार द्यायचा. लुळा हात धरून ओढायचा नाही, खांदा दुखून बसू शकतो. आणि ताप असेल, थकवा असेल त्या दिवशी सरळ आपण करावं सगळं. आज किती करायचं आणि किती सोडायचं, हे रोज सकाळी माणसाकडे बघून ठरतं, तक्त्यावर नाही.

माझं मत विचाराल तर मायेची काळजी ती हीच. भराभर उरकणं सोपं असतं, त्यात आपलीच सोय असते. पण दर आठवड्याला नवीन माणूस पाठवलं तर ही पारख त्याला कुठून यायची? नेदरलँड्समध्ये 2006 पासून ब्युर्टझोर्ख नावाची संस्था परिचारिकांचे लहान गट करून घरी पाठवते. एका गटात जास्तीत जास्त बारा जणी, आपलं वेळापत्रक त्या स्वतः आखतात. चेहरे तेच राहावेत हा त्यातला मोठा हेतू.

"म्हणजे आम्ही प्रेमापोटी करतो ते चूक?" भाऊसाहेबांचा आवाज चढला.

इतका वेळ गप्प बसलेला बंड्या उसळला. "गॅदरिंगला तू प्रॉम्प्टर होतास तेव्हाही प्रेमच होतं! माझं प्रत्येक वाक्य माझ्याआधी तू म्हणालास. विंगेतून. माझ्यापेक्षा मोठ्याने!"

"तू विसरला होतास!"

"मी पॉज घेतला होता!"

मास्तर हसता हसता खोकायला लागले. भाऊसाहेबांचं म्हणणं, बक्षीस त्यांच्यामुळेच मिळालं. बंड्याचं म्हणणं, बक्षीस मिळालंच नव्हतं, उत्तेजनार्थ होतं. शैलाला त्यातलं एक वाक्य अजून पाठ होतं, आणि बंड्या ते म्हणायला उभा राहतो न राहतो तोच भाऊसाहेबांनी ते पूर्ण केलं. पुढे कोणाचंच कोणाला ऐकू जाईना. मोरू मात्र तीनदा विचारत होता, "अरे, पण रात्रपाळीला कोणाला ठेवू?"