गिधाडं टॉवरमुळे मेली नाहीत

गेल्या महिन्यात गावाकडच्या ग्रुपवर एक मजकूर आला. आठवड्याभरात तोच मजकूर माझ्या बॅचच्या पशुवैद्यकांच्या ग्रुपवरही फिरला, म्हणून हे लिहायला बसलो. मजकूर थोडक्यात असा: मोबाईलचे टॉवर आले आणि त्यांच्या किरणांनी गिधाडं संपवली. जनावरांना दुखण्यावर देतात त्या डायक्लोफिनॅक औषधावर ठपका ठेवणं हे परदेशी संस्था आणि औषध कंपन्यांचं कारस्थान आहे, स्वस्त औषध काढून महाग औषध खपवण्यासाठी रचलेलं. जे इंजेक्शन गाईला बरं करतं ते गिधाडाला कसं मारेल? मारत असतं तर कुत्री आणि कावळेही मेले असते. आणि २००६ पासून या औषधावर बंदी आहे, मग गिधाडं परत का आली नाहीत?

शेतकऱ्याने हे पुढे पाठवलं तर मी समजू शकतो. पशुवैद्यकाने पाठवलं याचं मला मनापासून वाईट वाटलं. हे कोडं सुटलं ते आपल्याच शास्त्रामुळे, शवविच्छेदनाच्या टेबलावर. आणि त्यातलं औषध आपणच टोचलेलं आहे.

मीही टोचलं आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मी मराठवाड्यातल्या एका तालुक्यात होतो. लंगडणारा बैल, तापाने फणफणलेली म्हैस, कास सुजून दगडी झालेली गाय, काहीही असलं की मालक म्हणायचा, "डॉक्टर, ती दुखण्याची सुई मारा." औषध स्वस्त होतं आणि गुण पटकन यायचा. सकाळी पाय उचलून धरणारा बैल संध्याकाळी पाय टेकायचा. जे जनावर वाचलं नाही ते गावाबाहेरच्या माळावर टाकलं जायचं. त्या माळावर गिधाडं उतरताना मी पाहिली आहेत, आणि हळूहळू उतरेनाशी झाली तेही पाहिलं आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल असं तेव्हा एकदाही मनात आलं नाही.

आता एकेक मुद्दा घेतो.

टॉवरचा मुद्दा तारखांवरच पडतो. भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्यात झाला. पुढची काही वर्षं मोबाईल मोठ्या शहरांतल्या पैसेवाल्यांपुरता होता. खेडोपाडी टॉवर उभे राहिले ते २००० नंतर. गिधाडं मात्र त्याआधीच कोसळत होती. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात गिधाडांची घरटी मोजली होती. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पाहणी झाली तेव्हा घरटी ओस पडत चालली होती. पक्षी फांदीवर मान खाली टाकून बसून राहायचे आणि मग झाडाखाली मेलेले सापडायचे. २००० साली देशभर रस्त्यांवरून पाहणी झाली, तेव्हा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या तुलनेत घट नव्वद टक्क्यांच्या पुढे गेली होती. ज्या भागांत टॉवर पोचलाही नव्हता तिथली गिधाडं टॉवरने कशी मारली? आणि स्पेनमध्ये, जिथे टॉवरना तोटा नाही, तिथे याच कुळातल्या ग्रिफन गिधाडांची संख्या त्याच काळात वाढली.

मग औषधच कशावरून? इथे जरा थांबून सांगतो. निदान कसं करतात हे यात दिसतं आणि मजकुरात नेमकं तेच गाळलेलं आहे.

सुरुवातीला जाणत्या लोकांचाही अंदाज चुकला होता. इतक्या झपाट्याने, इतक्या मोठ्या प्रदेशात पक्षी मरतात म्हणजे एखादा नवा विषाणू असावा, असं गंभीरपणे मांडलं गेलं. कीटकनाशकांवरही संशय होता. अंदाज बांधणं चूक नाही. तपासायच्या आधी तो खरा धरणं चूक. तपासायला मेलेला पक्षी हवा, तोही ताजा, आणि आपल्या उन्हात तोच मिळत नाही. काही तासांत अवयव इतके सडतात की सूक्ष्मदर्शकाखाली काही वाचता येत नाही. ज्याने मे महिन्यात माळावर शवविच्छेदन केलं आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

हे चिकाटीचं काम पाकिस्तानातल्या पंजाबात झालं. अमेरिकेतले पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या वसाहतींत मेलेले पक्षी गोळा केले. २५९ प्रौढ आणि तरुण पक्ष्यांचं विच्छेदन झालं, आणि त्यांतल्या ८५ टक्के पक्ष्यांत एकच दृश्य दिसलं. हृदयावर, यकृतावर, मूत्रपिंडांवर खडूची भुकटी शिंपडावी तसा पांढरा थर. याला आम्ही व्हिसरल गाऊट म्हणतो. कोंबड्यांचं शवविच्छेदन केलेल्या प्रत्येकाने तो पाहिलेला असतो. एकदा पाहिला की विसरत नाही.

पण गाऊट हे कारण नव्हे. ती खूण आहे. ती एवढंच सांगते की मरण्याआधी या पक्ष्याच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं. पाणी कमी पडलं, विषाणू लागला, शिसं पोटात गेलं, जीवनसत्त्व अ कमी पडलं, यांतल्या कशानेही कोंबडीला गाऊट होतो. पांढरा थर पाहून "झालं, सापडलं" म्हणणारा विकृतिशास्त्रज्ञ कच्चा समजावा. ओक्स यांनी तसं केलं नाही. जड धातू तपासले, कीटकनाशकं तपासली, विषाणू आणि जिवाणू शोधले. काही हाती लागलं नाही. मग त्यांनी प्रश्न उलटा केला: गिधाड खातं काय? मेलेली गुरं. गुरांच्या अंगात जातं काय? ज्या भागात पक्षी मरत होते तिथल्या पशुवैद्यकांकडे आणि औषध दुकानदारांकडे चौकशी झाली. मूत्रपिंडाला घातक ठरू शकेल आणि पोटातून रक्तात जाईल असं, सर्रास वापरलं जाणारं औषध एकच निघालं: डायक्लोफिनॅक.

मग जपून ठेवलेल्या मूत्रपिंडांत ते शोधलं. गाऊट असलेल्या २५ पक्ष्यांपैकी पंचवीसही जणांच्या मूत्रपिंडांत डायक्लोफिनॅक सापडलं. इतर कारणांनी मेलेल्या, गाऊट नसलेल्या १३ पक्ष्यांपैकी एकातही नाही. यावरही ते थांबले नाहीत. औषध दिलेल्या म्हशी-शेळ्यांचं मांस, जंगलात परत सोडता येणार नाहीत अशा २० गिधाडांना खायला दिलं. १३ मेली. उघडून पाहिलं तर तोच पांढरा थर. हे सगळं २००४ साली 'नेचर'मध्ये छापून आलं. पुढे भारत आणि नेपाळमध्ये मेलेल्या गिधाडांतही गाऊट आणि डायक्लोफिनॅक हीच जोडी सापडली. टॉवरच्या बाजूने असा एकही पक्षी कुणी टेबलावर ठेवलेला नाही.

"गाईला बरं करतं ते गिधाडाला कसं मारेल?" हा प्रश्न मला खरोखर चांगला वाटतो आणि याचं उत्तर प्रत्येक पशुपालकाला कळायला हवं. गाय शरीरातला नको असलेला नायट्रोजन युरियाच्या रूपात, पाण्यात विरघळवून मूत्रावाटे टाकते. पक्षी तो युरिक आम्लाच्या रूपात टाकतात. पक्ष्याच्या विष्ठेतला पांढरा भाग म्हणजे तेच. हे आम्ल मूत्रपिंडातल्या बारीक नलिका सतत बाहेर ढकलत असतात. गिधाडात डायक्लोफिनॅक या नलिकांच्या पेशीच मारतं. ढकलणारं कुणी उरलं नाही की आम्ल रक्तात साचतं, त्याचे स्फटिक होतात आणि ते हृदय-यकृतावर बसतात. दोन-तीन दिवसांत खेळ खलास. मान टाकून बसलेलं गिधाड म्हणजे मूत्रपिंड गेलेला पक्षी.

आणि किती औषध लागतं? गाईला आपण किलोमागे एक मिलिग्रॅमच्या आसपास देतो. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी निम्मी मारणारी मात्रा किलोमागे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅमच्या घरात आहे. आदल्या दिवशी सुई मारलेल्या बैलाच्या यकृत-मूत्रपिंडावर एकदा पोटभर ताव मारला तरी पुरतं.

कुत्र्या-कावळ्यांचं उत्तर यातच अर्धं आलं. कुत्रा सस्तन आहे, त्याच्या मूत्रपिंडाचं काम वेगळं. पक्ष्यांत मात्र जातीजातीत प्रचंड फरक आहे. अमेरिकेतल्या टर्की गिधाडांना आपल्या गिधाडांच्या घातक मात्रेच्या शंभरपटीहून जास्त डायक्लोफिनॅक देऊनही ती तगली. नावात गिधाड असलं तरी त्यांचं कूळ वेगळं आहे. औषधाच्या बाबतीत एका जातीवरून दुसरीचा अंदाज बांधू नये, हे मांजराला पॅरासिटामॉल देऊन पस्तावलेल्या माणसाला विचारा.

कारस्थानाच्या मुद्द्याला फार वेळ देत नाही. धोक्याची घंटा पहिल्यांदा भरतपूरहून वाजली, आपल्याच माणसाने वाजवली. डायक्लोफिनॅकच्या जागी सुचवलेलं मेलोक्सिकॅम गिधाडांवर तपासून सुरक्षित ठरलं आणि ते एका कंपनीच्या मुठीत नाही. आपल्या देशात अनेक कंपन्या ते बनवतात. सुरुवातीला महाग पडायचं हे खरं, पण पुढे किंमत उतरली. आणि हे औषध काढून टाकायचं परदेशी कारस्थान असतं तर युरोपनेच ते आधी बंद केलं नसतं का? उलट स्पेनने २०१३ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅकला परवानगी दिली. २०२० साली तिथे घरट्यात एक काळं गिधाड मेलेलं सापडलं. शवविच्छेदनात गाऊट आणि डायक्लोफिनॅक, दोन्ही निघाले.

शेवटचा मुद्दा बंदीचा. तो सगळ्यांत जास्त लोकांना पटतो आणि त्यात तथ्यही आहे, पण मजकुरात काढलेला निष्कर्ष त्यातून निघत नाही. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के गेली. हजारात एक उरलं. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं लागतात. कोंबड्यांची पिलावळ जशी हंगामात भरून येते तशी ही भरून येणार नाही. तरीही बंदीनंतर घसरण मंदावली, हे नंतरच्या पाहण्यांत दिसलं. कारण चुकीचं असतं तर मंदावायचं काही कारण नव्हतं.

दुसरं म्हणजे बंदी कागदावर झाली, माळावर ती पुरती पोचली नाही. जनावरांचं डायक्लोफिनॅक बंद झालं, पण माणसांसाठीच्या ३० मिलीच्या बाटल्या मेडिकलमधून सहज मिळत होत्या आणि त्याच गोठ्यात वापरल्या जात होत्या. २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटली ३ मिलीवर आणली तेव्हा ती वाट अरुंद झाली. मधल्या काळात एसिक्लोफिनॅक हे दुखण्याचं दुसरं औषध आलं. गाईच्या अंगात गेल्यावर त्याचं डायक्लोफिनॅकच होतं, म्हणजे नाव बदललं आणि विष तेच राहिलं. केटोप्रोफेन हे तशाच कामाचं औषधही गिधाडांना घातक निघालं. या दोघांवर बंदी यायला २०२३ उजाडलं, निमेसुलाईड या आणखी एका औषधावर तर २०२४ चा डिसेंबर. मेलेल्या जनावरांपैकी शंभरात एकाहूनही कमी जनावरांत घातक औषध असलं तरी गिधाडांची घसरण सुरू राहते, तिथे आपली एवढी ढिलाई पुरेशी होती.

सह्याद्रीच्या कड्यांवर, रायगडातल्या म्हसळा तालुक्यात चिरगावला, नाशिक आणि गडचिरोलीच्या जंगलात अजून थोडी गिधाडं आहेत. लोकांनी ती जिवापाड जपली आहेत. टॉवरचा मजकूर पुढे पाठवून आपण त्यांच्यासाठी काहीच करत नाही. उलट ज्याच्या हातात सुई आहे त्याला मोकळं सोडतो.

पशुपालकांना एवढंच सांगतो. दुखण्यावर औषध लिहून घेताना मेलोक्सिकॅम आहे ना, हे विचारा. माणसांच्या दुकानातून दुखण्याची बाटली आणून गोठ्यात वापरू नका. सुई दिल्यावर पुढच्या काही दिवसांत जनावर दगावलं, आणि औषध कोणतं होतं हे ठाऊक नसेल, तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरा. आणि कुठे मेलेलं गिधाड दिसलं तर त्याला हात लावू नका, पुरूही नका. लगेच वन विभागाला १९२६ वर कळवा. सावलीत असेल तर काही तास हातात असतात, उन्हात तेवढेही नसतात. त्याच्या मूत्रपिंडात काय आहे ते सडायच्या आत कुणीतरी पाहायला हवं.