'दूद' लिहिणाऱ्या पोराचा कान चांगला असतो

एक मत मांडतीये, पटलं तर घ्या. पहिली-दुसरीतल्या पोरांच्या डिक्टेशनच्या वहीत लाल फुली दिसली की आपण लगेच "दहा वेळा लिही" म्हणून मोकळे होतो ना, त्याच्या आधी तो चुकलेला शब्द पोराने जसा लिहिलाय तसा एकदा मोठ्याने वाचून बघा. पोरगं काय ऐकतंय ते त्यात स्वच्छ दिसतं. आणि बऱ्याचदा ते बरोबरच ऐकत असतं, घोळ आपल्या बोलण्यात असतो.

माझी लेक पहिलीत आहे, इंग्लिश मीडियम, पण २०२० च्या कायद्यामुळे आता सगळ्याच बोर्डांच्या शाळांना मराठी शिकवावं लागतं (लागायलाच हवं). परवा तिने दूद, वाग आणि जीब असं ओळीने लिहून आणलं, तिन्हीवर फुल्या आणि खाली 'घरी सराव घ्या'. आता तुम्हीच म्हणून बघा, रोज घाईत म्हणता तसं, "दूध पी पटकन, रिक्षावाले काका आले." शेवटचा ध निघाला? नाहीच निघत, द निघतो. ख, घ, ध, भ ही मंडळी शब्दाच्या शेवटी आली की बोलताना आपण त्यांची हवा काढून टाकतो, पुस्तकात बघून वाचताना मात्र ठासून दूध्ध म्हणतो. पोरीने कानावर पडलं ते इमानदारीत लिहिलं. हे दहा वेळा लिहून घेतलं तर दूध पाठ होईलही, पण पुढच्या आठवड्यात औषध आलं की औषद होणारच.

याला उपाय मराठीतच बसलेला आहे. शब्दाला शेपूट लावायची. दूध, दुधात. वाघ, वाघाने. जीभ, जिभेवर. औषध, औषधाची बाटली. शेपूट लागली की लपलेली हवा बाहेर येते आणि पोरांना ती चक्क ऐकू येते. (हो, दू चा दु झाला, माहितीये, पण ते ह्रस्व-दीर्घाचं प्रकरण वेगळं आहे, १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांवरून भांडायला पुण्यात मोठी माणसं भरपूर आहेत, सहा वर्षांच्या पोरीला त्यात आत्ताच कशाला ओढायचं.) आम्ही हे बसच्या पाट्यांवर खेळतो. औंध ही पाटी आली की मी मुद्दाम "औंद" म्हणते आणि ती ओरडते "औंधात कोण राहतं मग?" शेजारच्या आजोबांनी एकदा आमच्याकडे असं बघितलं होतं की विचारू नका.

पाट्यांचा दुसरा खेळ तळहाताचा. हात तोंडासमोर धरायचा आणि कात्रज म्हणायचं, मग खडकी. गणेशखिंड, मग घोरपडी. दापोडी, मग धायरी. हाताला हवा लागली की मोठ्या श्वासाचं अक्षर. अल्पप्राण-महाप्राण हे शब्द पोरांना सांगायची काहीच गरज नाही, हाताला कळतं. घरी असाल तर पेपरची पातळ पट्टी ओठांसमोर धरा, ख म्हणताना ती उडते, क ला जेमतेम हलते.

चुकलेल्या शब्दांत पोरांचा कान दिसतो, हे काही माझंच खूळ नाहीये. १९७१ साली चार्ल्स रीड या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने, अजून शाळेत न गेलेल्या पोरांनी आपल्या मनाने बनवलेल्या स्पेलिंगांवर लिहिलं होतं. त्यातली काही पोरं टी-आर च्या जागी सी-एच-आर लिहायची, म्हणजे ट्रकचा च्रक. गंमत म्हणजे इंग्रजी माणसाच्या तोंडात तो ट्र खरंच च्र च्या जवळ जातो, मोठ्यांना स्पेलिंग पाठ असल्यामुळे ते ऐकूच येत नाही. आणि ती पोरं व्यंजनाच्या आधीचे एम, एन गाळायची. हे वाचलं तेव्हा मी हसलेच, कारण आमच्या सोसायटीतल्या प्रत्येक पोराने कधी ना कधी आंब्याचा आबा आणि पतंगाचा पतग केलेला आहे!

त्या टिंबाबद्दल थोडं जास्त लिहिते कारण तिथे सगळ्यात जास्त आरडाओरडा होतो. "टिंब विसरलीस, परत टिंब विसरलीस." अहो पण टिंब म्हणजे एक ठरलेला आवाज नाहीच आहे, पुढचं अक्षर बघून ते कपडे बदलतं. आंबा म्हणताना ब च्या आधी ओठ मिटतात, तो म्. शांत म्हणताना जीभ दातांमागे टेकते, तो न्. अंडं म्हणताना जीभ वर वळते, तो ण्. पतंगात घशाकडचा ङ्, क-ख-ग-घ च्या ओळीतला शेवटचा, ज्याला शाळेत कुणी ओळखदेखील देत नाही. पोरांना आरशासमोर उभं करा आणि आंबा आ-म्-बा असा ताणून म्हणायला लावा, मधे ओठ मिटलेले त्यांना दिसतात. दिसलं की टिंब कुठे द्यायचं ते त्यांचं त्यांना सापडतं. आपली क ते म ची पाटी तोंडाच्या आतल्या जागांप्रमाणेच लावलेली आहे, घशापासून ओठांपर्यंत, हे ज्या कोणी केलं त्यांना दंडवत. आणि आपण फी भरून फोनिक्सच्या (इंग्रजी अक्षरांचे आवाज जोडून वाचायला शिकवतात त्या) क्लासला पाठवतो आणि ही पाटी मात्र क कमळाचा, ख खटाऱ्याचा एवढ्यावर सोडून देतो.

फोनिक्स वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. सी ए टी कॅट हे आपल्या वेळचं घोकणं त्यापेक्षा वाईट होतं, सी-ए-टी जोडून कॅट कसं होणार, सीएटी होईल. फक्त आवाज शिकवताना त्याला अ चिकटवू नका. ब, ॲ, ट असं म्हटलं की पोरगं बअॅटअ जोडत बसतं. अक्षराचा पाय मोडायचा, ब्, ट्. ही सोय मराठी पोरांना आयती मिळालेली आहे, वापरा ना! व्ही आणि डब्ल्यूचं मात्र अवघड आहे, आपण दोन्हीला एकच व लावतो, त्यामुळे तिथे ओठ दाखवूनच शिकवावं लागतं, व्ही ला वरचे दात खालच्या ओठावर, डब्ल्यूला ओठांचा चंबू.

आता जरा टोचेल असं. पुण्यात न आणि ण वरून पोरांची जेवढी थट्टा होते तेवढी कशावरून होत नसेल. ज्याच्या घरात पानी म्हणतात ते पोरगं पानी लिहिणार, त्याच्या कानाने काम चोख केलेलं आहे. त्याला "शुद्ध बोल" म्हणून हसायचं आणि आईबापाकडे तसं बघायचं, हे शिकवणं नाही, माजोरडेपणा आहे. एका पेरेंट्स मीटिंगला हे डोळ्यांनी बघितलंय आणि माझं डोकं फिरलं होतं. पुस्तकातलं पाणी शिकवायचंच आहे, पण ते जिभेची जागा म्हणून शिकवा. आधी ट म्हणायला लावा, जीभ वळलेली तशीच ठेवून ण. मग जोड्या घ्या, मन-मण, खान-खाण, तसंच वेल-वेळ, काल-काळ. वेलीचं आणि घड्याळाचं चित्र समोर ठेवून तुम्ही बोला, पोराने बोट दाखवायचं. ऐकून फरक कळायला लागला की लिहायला द्या, उलटं नको. घरी आजीशी त्याने पानी म्हटलं तर म्हणू दे.

श आणि ष ला मात्र यातलं काही लागू पडत नाही. आपण सगळेच दोन्ही सारखे म्हणतो, त्यामुळे तिथे कानाला दोष नको, डोळ्यांनीच लक्षात ठेवायचं. थोडा आधार आहे, ट-ठ ला जोडून आला की बहुतेक ष च असतो, गोष्ट, कष्ट, दुष्ट, षष्ठी. स्टेशन, स्टूल, टोस्ट हे बाहेरून आलेले, त्यांना स. बाकी भाषा, ऋषी, औषध वगैरे सरळ पाठ करून घ्या, रोज दोन-तीन, जास्त नको.